घाटावरचे उंदीर, घाटाखालचे उंदीर: परवानगीपासून जीनबँकेच्या नंबरापर्यंत माझं एक वर्ष

९ जुलै २०२४ ला सकाळी जीनबँकेची, म्हणजे जगभरातल्या डीएनएच्या नोंदी ठेवणाऱ्या ऑनलाइन भांडाराची, मेल आली. त्यात ३१ नंबर होते, एका उंदराला एक. मी ती मेल तीनदा वाचली आणि मग आईला फोन केला, तिला जीनबँक म्हणजे काय ते माहीत नव्हतं पण माझा आवाज ऐकून ती पण रडायला लागली. एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, साधाच, पण सुरुवात करताना मला इतकं हरवल्यासारखं झालं होतं की कुणीतरी मराठीत हे लिहिलंय का म्हणून मी रात्र रात्र शोधत बसायचे. फॉर्म बी (प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज) कसा भरतात, पिंजरा कुठला घ्यायचा, उंदीर पकडल्यावर नेमकं करायचं काय, काहीच सापडलं नव्हतं. म्हणून आता सगळं लिहून काढतेय, तारखा आणि पैसे धरून.

१२ जुलै २०२३ ला गाईड मॅडमनी विषय विचारला तेव्हा मी उंदीर म्हटलं. त्याला कारण होतं. जुन्नर तालुक्यात माझं आजोळ आहे, लहानपणी तिथे कणगीच्या मागे खुडबुड चालायची आणि दुधाचा दात पडला की आजी तो उंदराच्या बिळाशी टाकायला लावायची, त्याच्यासारखे दात येऊ दे म्हणून. आणि टीवायला असताना एका लेक्चरमध्ये ऐकलं होतं की माणूस धान्य घेऊन जिथे जिथे गेला तिथे हा एवढासा उंदीर त्याच्या मागे गेला, आणि त्याच्या डीएनएवरून माणसांचे जुने रस्ते शोधता येतात. ते डोक्यातून जात नव्हतं.

मराठीत आपली एक अडचण आहे, छोटा आणि मोठा दोन्हीला आपण उंदीरच म्हणतो. मी ज्याच्याबद्दल बोलतेय तो छोटा, मूस मस्क्युलस, वजन जेमतेम १२ ते १५ ग्रॅम. गावात ९० टक्के लोक मला म्हणाले की हे मोठ्याचं पिल्लू आहे. नाहीये, हा पूर्ण वाढलेलाच एवढा असतो. (मूस हा लॅटिन शब्द आणि आपला मूषक एकाच मुळातले आहेत, हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.)

मॅडम म्हणाल्या प्रश्न छोटा घे, एका वर्षात पुरा होईल असा. मी नाणेघाट घेतला. सातवाहनांच्या काळापासून जुन्नरचा माल या घाटाने खाली उतरून कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांकडे जायचा, वर लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे, घाटाच्या तोंडाशी तो मोठा दगडी रांजण आहे ज्यात जकात टाकायचे असं सांगतात. एवढी शतकं बैलांच्या पाठीवर गोणी वरखाली झाल्या तर गोणीतून उंदीर पण झाले असतील ना? म्हणून ठरवलं, वर घाटघर, खाली वैशाखरे, आणि तिसरं जुन्नर शहरातली धान्याची दुकानं. या तिन्ही ठिकाणचे उंदीर आईकडून एकाच घराण्यातले आहेत का ते बघायचं.

आईकडून म्हणजे काय ते सांगते. पेशीत मायटोकॉन्ड्रिया नावाचा भाग असतो, त्याचा स्वतःचा छोटासा डीएनए असतो, उंदरात १६,३०० च्या आसपास अक्षरांचा, आणि तो आईकडूनच पिल्लाला जातो. बापाचं त्यात काही मिसळत नाही, त्यामुळे आई, आजी, पणजी अशी सरळ रेघ मागे जाते. त्यातला डी-लूप नावाचा सुमारे ८८० अक्षरांचा तुकडा लवकर बदलतो म्हणून जवळजवळच्या गावांची तुलना करायला तोच घेतात. जगभरातल्या उंदरांचा हाच तुकडा लोकांनी वाचून ठेवलाय, त्यामुळे आपला कुठे बसतो ते लगेच बघता येतं.

आता परवानगी. मला वाटलं होतं उंदीर पकडायला कसली परवानगी, घरोघरी लोक पकडतातच की. पण प्रयोगासाठी पकडायचा तर तो पाठीचा कणा असलेला प्राणी आहे, १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा लागतो, आणि संस्थेची एथिक्स कमिटी असते तिच्याकडे फॉर्म बी द्यावा लागतो. त्यात कुठली जात, किती प्राणी, इतकेच का, त्याला किती वेदना होणार, प्राण्याचं पुढे काय करणार, सगळं लिहायचं. मी २८ जुलैला दिला. ऑगस्टमधली मीटिंग पुढे ढकलली गेली कारण केंद्राच्या समितीने नेमलेले सदस्य येऊ शकत नव्हते आणि त्यांच्याशिवाय मीटिंग धरतच नाहीत. मीटिंग झाली २२ सप्टेंबरला. ३ ऑक्टोबरला दुरुस्त्या आल्या आणि मंजुरी १९ ऑक्टोबरला. ८३ दिवस!

दुरुस्त्या दोन होत्या आणि दोन्ही बरोबर होत्या, आज मला तसं वाटतं, तेव्हा मी हॉस्टेलवर जाऊन खूप चिडले होते. एक, मी आकडा १०० लिहिला होता, का १०० ते लिहिलं नव्हतं. मग मॅडमबरोबर बसून गणित मांडलं आणि जास्तीत जास्त ६० वर आणलं. दुसरी, मी शेपटीचं टोक कापणार असं लिहिलं होतं, त्यांनी विचारलं कानाच्या कडेचा २ मिलिमीटरचा तुकडा पुरत असेल तर शेपटी कशाला. पुरतो. एकही उंदीर मारावा लागला नाही. तुम्ही फॉर्म भरत असाल तर या दोन गोष्टी आधीच नीट लिहा, माझा निदान महिना वाचला असता.

वनखात्याचं पण विचारून ठेवलं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पूर्वी पाचवं परिशिष्ट होतं, त्यात उंदीर, कावळे वगैरे उपद्रवी प्राणी म्हणून होते, २०२२ च्या दुरुस्तीने (१ एप्रिल २०२३ पासून लागू) ते परिशिष्टच काढून टाकलं. तरी मी अर्जात स्पष्ट लिहिलं की फक्त घरं, गोठे आणि दुकानं, जंगलात एकही पिंजरा लावणार नाही, आणि त्या अर्जाची पोच घेतली. ती पोच आणि दोन्ही ग्रामपंचायतींची पत्रं मी कायम पिशवीत ठेवायचे. गावात कुणी विचारलं की पत्र दाखवायचं, माणसं लगेच मोकळी होतात.

त्या ८३ दिवसांत मी वाचत होते, आणि खरं सांगते, प्रोजेक्टमधले सगळ्यात सुंदर दिवस तेच. घरउंदराच्या तीन मोठ्या शाखा आहेत. पश्चिम युरोप आणि मध्यपूर्वेतला डोमेस्टिकस, पूर्व युरोप आणि उत्तर आशियातला मस्क्युलस, आणि आपल्याकडचा, दक्षिण आणि आग्नेय आशियातला कास्टेनिअस. या साधारण तीन ते पाच लाख वर्षांपूर्वी फुटल्या असं मानतात, आणि मूळ घर भारतीय उपखंडाच्या वायव्येला की इराणच्या बाजूला यावर अजून वाद चालू आहे. म्हणजे आपण ज्याला झाडू घेऊन हाकलतो तो बहुतेक याच भागातून जगभर गेलाय!

इस्रायलमध्ये ऐन मल्लाहा नावाची जागा आहे, तिथे शेती सुरू व्हायच्याही आधीची, सुमारे १५,००० वर्षांपूर्वीची नटुफियन लोकांची वस्ती होती. तिथल्या उंदरांच्या दाढा मोजून २०१७ मध्ये दाखवलं गेलं की माणसं एका जागी टिकून राहिली की घरउंदीर वाढायचा, आणि माणसं भटकायला लागली की रानातली दुसरी जात वरचढ व्हायची. कणगी असो नसो, घर असलं की हा आला. मला तर अंगावर काटा आला होता वाचताना.

मग व्हायकिंग. ब्रिटनच्या उत्तरेकडची ऑर्कनी बेटं, आइसलँड, तिथल्या उंदरांचा डीएनए नॉर्वेच्या बाजूच्या उंदरांशी जुळतो, म्हणजे ते त्या जहाजांतून गेले. मदिरा बेटावर पोर्तुगीज १५ व्या शतकात राहायला गेले असं आपण वाचतो, पण तिथे उंदराची सुमारे हजार वर्षं जुनी हाडं सापडलीत, मग त्यांना कुणी नेलं? आणि न्यूझीलंड! तिथे हा उंदीर १९ व्या शतकात पोचला, बहुतेक डोमेस्टिकस, पण दक्षिण बेटाच्या दक्षिण टोकाला कास्टेनिअसचा मायटोकॉन्ड्रिया आहे. त्या काळी सीलची कातडी घेऊन जहाजं चीनमध्ये कॅन्टनला जायची, परत येताना हे आले असावेत असं म्हणतात. कुठल्या बंदरावर कोण गेलं होतं ते कागदावर नसलं तरी उंदराच्या अंगात लिहिलेलं राहतं. हे वाचल्यावर मला नाणेघाटाबद्दल अजूनच घाई झाली.

पिंजऱ्यांचं सांगते कारण इथे पैसे वाया जातात. बाजारात मिळतो तो जाळीचा पिंजरा मोठ्या उंदराचा, छोटा उंदीर त्याच्या जाळीतून आरामात आमिष खाऊन बाहेर पडतो. मी जुन्नरच्या बाजारातून १८० रुपयांना एक असे २० घेतले आणि प्रत्येकाला आतून मच्छरजाळीची तारेची बारीक जाळी शिवली, दोन दिवस गेले, हाताला ओरखडे. डिपार्टमेंटकडून १२ शर्मन ट्रॅप मिळाले, ॲल्युमिनियमचे घडीचे, ते उत्तम, पण मागवायला महाग. आमिष म्हणून शेंगदाण्याचं कूट आणि गूळ सगळीकडे लिहिलेलं असतं, घाटघरला चाललं, पण वैशाखऱ्याला सुकटीशिवाय कुणी आत फिरकेना. आत कापसाचा बोळा ठेवायचाच, थंडीत रात्रभर अडकलेला एवढासा जीव गारठून मरतो. आणि पहाटे सहाच्या आत पिंजरे बघायचे, उशीर नको.

पहिली फेरी १ नोव्हेंबर २०२३, घाटघर, पाच रात्री. भाताची कापणी झाली होती, खळ्यावरून धान्य घरात आलं होतं आणि त्याच्या मागोमाग उंदीर. शिवाजीनगरहून जुन्नर आणि तिथून घाटघर, एसटी, महिलांना अर्धं तिकीट असल्यामुळे प्रवास फारच स्वस्तात झाला. जिथे उतरले त्या घरातल्या आजी दारातच म्हणाल्या, "उंदरं धराया पुण्यास्नं आलीस व्हय गं? मग धर की, सगळी ने." सातच्या आत पिंजरे लावून घरात यायचं ही त्यांची अट, कारण जुन्नर म्हणजे बिबट्याचा मुलूख. ती अट मी सगळीकडे पाळली आणि तुम्हीही पाळा.

पहिल्या सकाळी ३२ पिंजऱ्यांत काय, तर तीन चिचुंद्र्या आणि एक मोठा काळा उंदीर. चिचुंद्री उंदीर नाहीच, तिचं तोंड लांबट, वास वेगळा, ती सोडून द्यायची. दुसऱ्या सकाळी पहिला खरा मिळाला, कणगीच्या मागे. ओळखायचा कसा तर शेपटी डोकं आणि धड मिळून असते त्याच्याहून लांब, पोट मळकट राखाडी, आणि सगळ्यात महत्त्वाचं, वरच्या पुढच्या दाताला मागच्या बाजूने खाच असते. शेतातला जो छोटा उंदीर आहे, मूस बुडूगा, तो दिसायला फार सारखा पण पोट पांढरं आणि शेपटी आखूड. मी त्या खाचेकडे भिंग धरून बघत होते आणि बिळाशी टाकलेला माझा दात आठवत होता.

प्रत्येक वेळी हातमोजे, मास्क, आणि झाल्यावर पिंजरा ब्लीचच्या पाण्यात. लेप्टो उंदराच्या लघवीतून पसरतो, पायाला भेग असेल तर अनवाणी गोठ्यात जाऊ नका, हे मी गावातल्यांनाही सांगत होते. पिशवीत घालून स्प्रिंगच्या काट्याला वजन, मोजमाप, कानाचा तुकडा अल्कोहोलच्या ट्यूबमध्ये, सगळं मिळून चार मिनिटं. मग सोडायचा. इथे भांडणाची वेळ आली, कारण कमिटीला लिहून दिलं होतं की पकडला त्याच जागी सोडणार आणि घरातल्या वहिनी म्हणाल्या की पकडलेला उंदीर परत घरात सोडणारी पहिलीच बघतेय. त्यांचं बरोबर होतं, वर्षाचं धान्य त्यांचं होतं. मी मॅडमना फोन केला, त्यांनी कमिटीला मेल करून विचारलं, आणि शेवटी घराच्या मागे पडक्या गोठ्यात सोडायचं ठरलं. हे आधीच फॉर्ममध्ये लिहून घ्या.

आता माझी चूक. घाटघरच्या १७ ट्यूबवर मी मार्करने नंबर घातले होते. पुण्याला येताना एसटीत पिशवी आडवी झाली, दोन-तीन झाकणं सैल होती, अल्कोहोल गळलं आणि ९ ट्यूबवरचे आकडे पुसून निळं पाणी झालं. आत कानाचे तुकडे नीट होते. पण कुठल्या घरातला, कुठल्या तारखेचा, नर का मादी, काहीच नाही. मी मॅडमना म्हटलं सगळे घाटघरचेच आहेत, गाव तर माहीत आहे, वापरूया. त्या म्हणाल्या, नऊही घाटघरचे आहेत हे तुला आज आठवतंय, दोन महिन्यांनी वैशाखऱ्याच्या ट्यूब शेजारी ठेवल्यावर खात्रीने सांगशील? एकाच घरातली चार भावंडं असतील तर? मी गप्प बसले. ते नऊ बाद केले. नऊ उंदरांचे कान मी उगाच कापले ही गोष्ट मला अजून टोचते, कारण फॉर्म बी मध्ये मीच लिहून दिलं होतं की एकही प्राणी विनाकारण वापरणार नाही.

तेव्हापासून ट्यूबच्या आत पेन्सिलीने लिहिलेली कागदाची चिठ्ठी, बाहेर नंबर, वहीत पेन्सिलीने तीच नोंद, आणि रात्री वहीच्या पानाचा फोटो. पेन्सिल अल्कोहोलला जात नाही. एवढंच लक्षात ठेवलंत तरी पुष्कळ.

दुसरी फेरी २३ नोव्हेंबरपासून वैशाखरे, सहा रात्री, माळशेज उतरून कल्याण रस्त्याने. तिसरी ४ जानेवारी २०२४ पासून जुन्नर, सात रात्री, दुकानदार दादांनी रात्री शटर बंद करताना पिंजरे आत ठेवू दिले आणि सकाळी चहा पाजून उघडून दिले. सगळं मिळून १८ रात्री, ४६ छोटे उंदीर, त्यातले नऊ गेले, राहिले ३७.

लॅबमध्ये २२ जानेवारीला आले. कानाचा तुकडा प्रोटीनेज के मध्ये (प्रथिनं विरघळवणारं रसायन) ५६ अंशाला रात्रभर ठेवायचा, सकाळी तो विरघळलेला असतो, मग किटने डीएनए वेगळा करायचा. ५० नमुन्यांचं किट साडेनऊ हजारांना पडलं. पहिला पीसीआर (डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या पुष्कळ प्रती काढायची क्रिया) कोरा, त्या प्रती पट्ट्यांसारख्या दिसतात त्या जेलवर काहीच नाही. तापमान दोन अंशांनी कमी केलं तर छान पट्टे आले, मी उड्या मारल्या, आणि मग जेलच्या शेवटच्या खाचेकडे लक्ष गेलं. तिथे मी डीएनए घातलाच नव्हता, नुसतं पाणी होतं, आणि तिथेही पट्टा. म्हणजे कुठलातरी उंदीर माझ्या पाण्यात शिरला होता. सगळी रसायनं फेकली, पिपेट धुतले, बसायची जागा बदलली. दोन आठवडे. त्या काळात रोज वाटायचं सोडून द्यावं, रूममेट रोज जेवायला ओढून न्यायची म्हणून टिकले. पाण्याची खाच कोरी येत नाही तोवर बाकीचे पट्टे कितीही सुंदर दिसले तरी ते धरायचे नाहीत.

३७ पैकी ३३ नमुने चालले. ४ मार्चला अक्षरं वाचायला एका खाजगी कंपनीकडे पाठवले, दोन्ही बाजूंनी वाचायचे म्हणून ६६ रिॲक्शन, ३०० रुपयाला एक, जीएसटी धरून साडेतेवीस हजारांच्या आत. दहा दिवस सांगितले होते, २ एप्रिलला आले. डिपार्टमेंटने २५ हजार दिले होते, बाकीचं बाबांनी. पिंजरे, किट, प्रवास, अल्कोहोल सगळं धरून ४५ हजारांच्या वर गेलं. शिष्यवृत्तीचे फॉर्म आधीच भरा, मी उशिरा जागी झाले.

निकालाची फाईल उघडली की चार रंगांची शिखरं दिसतात, एक शिखर एक अक्षर. सुरुवातीची आणि शेवटची गचाळ असतात, ती कापायची. एका जागी दोन शिखरं एकावर एक दिसली तर थांबायचं, कारण मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएचे काही जुने तुकडे केंद्रकातल्या डीएनएत जाऊन बसलेले असतात आणि चुकून तेच वाचले जातात. माझ्याकडे दोन नमुन्यांत शंका होती, पुन्हा करून घेतले, मग निवळलं. सगळी ३३ ब्लास्टमध्ये (जीनबँकेतल्या नोंदींशी अक्षरं जुळवून बघणारा प्रोग्राम) टाकली तर दोन निघाले मूस बुडूगा! वैशाखऱ्याच्या बांधाजवळच्या गोठ्यातले. वहीत त्या दोघांसमोर मी पेन्सिलीने "पोट बरंच फिकट?" असं प्रश्नचिन्ह टाकून ठेवलं होतं. नोंद बोलली.

उरलेले ३१ सगळे कास्टेनिअस, अपेक्षेप्रमाणे. ३१ मध्ये त्या डी-लूप तुकड्याचे १४ वेगवेगळे प्रकार. हे मला महत्त्वाचं वाटतं, काही लहान बेटांवर जवळपास सगळे उंदीर एकाच प्रकारचे असतात कारण चारदोन माद्याच जहाजातून उतरलेल्या असतात, आणि इथे तीन ठिकाणच्या घरांत आणि दुकानांत १४. इथे तो फार पूर्वीपासून राहतोय याला हे धरूनच आहे. आणि एक प्रकार घाटघर, वैशाखरे, जुन्नर तिन्हीकडे सापडला. एप्रिलच्या त्या रात्री नेटवर्कचं, म्हणजे कुठला प्रकार कुठल्याच्या जवळचा ते दाखवणारं, चित्र स्क्रीनवर आलं, तीन रंगांचा तो एक गोल मध्यभागी, मी किती वेळ बघत बसले होते मला आठवत नाही.

मी प्रबंधात पहिल्यांदा लिहिलं होतं की हा प्राचीन व्यापारमार्गाचा पुरावा आहे. मॅडमनी ते वाक्य खोडलं नाही, फक्त समोर लिहिलं, "कांद्याचा टेम्पो?" आणि ते बरोबर आहे. तो प्रकार सातवाहनांच्या बैलांबरोबर उतरला की गेल्या वर्षी जुन्नरहून माळशेज मार्गे कल्याणला निघालेल्या टेम्पोतून, हे ८८० अक्षरं सांगू शकत नाहीत. शिवाय ही फक्त आईची बाजू. बापाकडचं बघायला वाय गुणसूत्र आणि केंद्रकातला बाकीचा डीएनए वाचायला हवा, नमुनेही खूप जास्त हवेत. मी ते वाक्य बदलून "घाटामुळे उंदरांची ये-जा थांबलेली दिसत नाही" एवढंच ठेवलं. मन दुखलं, पण त्याच्यापुढे एक अक्षर जास्त लिहायचा मला हक्क नव्हता. १० मे ला प्रबंध दिला.

जीनबँकेत १८ जूनला टाकलं. फुकट असतं. प्रत्येकाचं ठिकाण, तारीख, अक्षांश-रेखांश मागतात, एका नमुन्याची तारीख मी उलटी लिहिली होती, ती दुरुस्त करून पाठवली आणि मग तो ९ जुलैचा मेल.

२० जुलैला घाटघरला गेले, आजींकडून घेतलेली चाळण आणि एक पिंजरा परत द्यायचा राहिला होता. लावणी चालू होती, पाऊस असा की दहा पावलांवरचं दिसत नव्हतं. संध्याकाळी चुलीशी बसल्यावर आजींनी विचारलं, मग कुठून आली आमची उंदरं? मी नेटवर्कचा प्रिंट काढून नेला होता, तो गोल दाखवला, म्हटलं तुमच्या कणगीतली मादी आणि खाली वैशाखऱ्यातली मादी एकाच आईच्या वंशातल्या, एवढं कळलंय, कधी आणि कशातून आली ते नाही कळलं. आजींनी कागद उलटा सुलटा करून बघितला. मग म्हणाल्या त्यांची सासू घाटाखालचीच, लग्न होऊन नाणेघाट चढून आली तेव्हा माहेरच्यांनी बियाण्याच्या भाताची गोण बरोबर दिली होती, आणि ते बी या घरात पुष्कळ वर्षं पेरलं. मी साल विचारलं, त्यांना नक्की सांगता येईना, त्यांचे मालक जन्मायच्या आधी एवढंच. मी वही काढली आणि तारीख घालून ते पेन्सिलीने लिहून घेतलं.